दांडीवरचा रुद्र

ज्याचे वाहन उंदीर असूनही जो कोणत्याही शुभकार्याला कधी उशिरा पोचला नाही, त्या विघ्नहर्त्याला पहिले वंदन. नंदीच्या पाठीवर बसून खडकाळ कैलास उतरताना ज्याचे ध्यान तसूभरही ढळत नाही, त्या नीलकंठाला दुसरे. आणि ज्यांनी या दोघांचे स्मरण केल्याशिवाय आयुष्यात कधी उंबरठा ओलांडला नाही, त्या माझ्या वडिलांना, आप्पांना, तिसरे वंदन करून हे प्रकरण लिहायला घेतो. निमित्त आहे माझी नात मैत्रेयी. ती पुण्याला असते आणि सुटीच्या दिवशी इतर मुली जिथे पायी जायलाही बिचकतील अशा डोंगरवाटांवरून सायकल हाकते. गेल्या एकादशीला तिचा फोन आला. "आजोबा, तुमच्या सायकलला शॉकअप होता असं बाबा सांगतात. मग सांगा, मी पुढचा फोर्क हवेवरचा घेऊ की स्प्रिंगचा? आणि टायर रुंद घेऊ की अरुंद?" मी म्हणालो, "बाळ, हा प्रश्न फोनवर उत्तर देण्याजोगा नाही. याला आधी पूर्वपीठिका लागते." ती म्हणाली, "आजोबा, दुकान सात वाजता बंद होतं." दुकान बंद झाले. पूर्वपीठिका मात्र माझ्या मनात उघडीच राहिली, ती आता कागदावर उतरवतो.

आमचे गाव बोरी अरबच्या बाजाराला जोडून होते असे म्हटले तरी चालेल, आणि आमच्या यजमानांची निम्मी गावे टेकडीच्या पलीकडे होती. डांबरी रस्ता टेकडीला लांबलचक वळसा घालून जात असे. पायवाट मात्र सागाच्या रानातून थेट खिंडीत चढे आणि तितकीच थेट खाली उतरे. ती वर्षे कापसाने दगा दिलेली होती. एके साली अळीने बोंडे पोखरली. दुसऱ्या साली पीक बरे आले, तर भावच पडला आणि खरेदी केंद्रासमोर बैलगाड्यांची रांग इतकी लांबली की बैलांची आणि गाडीवानांची जेवणे रांगेतच होत. अशा दिवसांत लग्ने पुढे ढकलली जातात, वास्तुशांत कोणी घालत नाही आणि सत्यनारायण लोकांच्या फार तर मनात राहतो. जे कोणी पूजा करीत, ते दक्षिणेच्या जागी संकोचाने कापूस देत. आप्पा तो नाकारीत नसत. परिणामी आमच्या घरात कापूस इतका साठला की तो ठेवायचा कुठे हाच एक संसार होऊन बसला. आई दुपारभर सरकी काढी आणि वाती वळी. फुलवाती, समईच्या वाती, लक्ष वाती. देवाच्या पुढल्या सगळ्या अवतारांना पुरतील एवढ्या वाती वळून झाल्या, तेव्हा ती उशा शिवू लागली. घरी येईल त्याला ताकाबरोबर उशी मिळे. पाणी मागायला आलेला टपालवाला एकदा दोन उशा काखेत मारून गेला आणि पुढे कितीतरी दिवस त्याने आमच्या ओट्याकडे पाहणेच टाळले.

आप्पांचा एक नियम होता. कोणत्याही मंगलकार्यापूर्वी त्या दिवशीचा रुद्रपाठ पूर्ण झालेला असला पाहिजे, आणि तोही कार्याला जाताना वाटेवर. हा नियम त्यांना त्यांच्या वडिलांकडून मिळाला होता. यजमानाच्या दारात पाऊल पडण्यापूर्वी त्याच्या गावच्या वाटेवरही मंगल सांडले पाहिजे, असा त्यामागचा भाव. आमची शाखा यजुर्वेदाची, माध्यंदिन. आमच्यात स्वर केवळ गळ्याने लावून भागत नाही, तो उजव्या हाताने दाखवावाही लागतो. उदात्ताला हात वर जातो, अनुदात्ताला खाली येतो आणि स्वरिताला बाजूला. आप्पा पायी चालत तेव्हा हे दृश्य मोठे रमणीय असे. धिप्पाड देह, खांद्यावर पंचा, डाव्या हातात पिशवी, आणि उजवा हात रानातल्या वाऱ्यावर तरंगत असलेला. गुराखी म्हणत, "महाराज निघाले, आता ऊन कलते." पाठाचा अमुक भाग झाला की खिंड येई, तमुक भाग झाला की पलीकडची विहीर. मध्ये बोलणे वर्ज्य. आणि एखादा स्वर चुकला, तर तो अनुवाक, म्हणजे पाठाचा तो खंड, आरंभापासून पुन्हा. पायी चालताना तो कधी चुकतच नसे. पण त्या वर्षी त्यांचा उजवा गुडघा सुजला, आणि टेकडी आमच्या आणि पलीकडच्या यजमानांच्या मध्ये भिंतीसारखी उभी राहिली.

माझ्याविषयी एवढेच सांगतो की मी त्या वेळी सतरा-अठरा वर्षांचा होतो, पाठ मला शब्दशः येत होता आणि स्वर मुळीच येत नव्हता. आप्पा हात वर नेत तेव्हा माझा हात विचारात पडलेला असे. ते रागावत नसत. रागावले असते तर बरे झाले असते. ते फक्त डोळे मिटून म्हणत, "असो. महादेव आशुतोष आहे." घराण्याची विद्या माझ्याशी येऊन थांबणार, हे त्यांनी मनाशी धरलेले मला त्या 'असो' मध्ये ऐकू येई.

चैत्र संपता संपता पलीकडच्या गावचे किसनराव लग्नाची सुपारी घेऊन आले. ते ओट्यावर बसले, ताक प्याले, उशी नाकारली आणि मानेवरचा घाम पुन्हा पुन्हा पुसला. मग म्हणाले, "महाराज, राग नोका मानू. पोरीचं लगन मांगच्या साली कापसापायी मोडता मोडता राह्यलं. आता ही तीथ हुकली तं सोयरे थांबत नाईत. अन् तुमचा गुडघा असा. म्हनून म्या त्या फटफटीवाल्या महाराजाले बी येऊन बसाले सांगतलं. गोरजावर तुम्ही दिसले तं तुम्ही, नाई तं तो."

फटफटीवाले महाराज हे त्या काळी पंचक्रोशीत नवेच उगवले होते. काळा चष्मा, फटफटीच्या टाकीवर शेंदराने काढलेला ओंकार, आणि मंगलाष्टकांची कॅसेट. ते घटकेत येत आणि घटकेत जात. लोकांना घाई होती. दुःखात असलेल्या माणसाला घाई असते, त्याला बोल लावता येत नाही.

आप्पा शांतपणे म्हणाले, "किसनराव, आमच्या तीन पिढ्यांत मुहूर्त चुकलेला नाही."

"तेच तं म्हनून राह्यलो महाराज. पण तवा गुडघे नवे होते."

किसनराव गेल्यावर आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती म्हणाली, "एकदा पलीकडे कॅसेट वाजली, की मग पलीकडची सगळी गावं कॅसेटच मागतील." आप्पांनी माझ्या सायकलीकडे पाहिले. ती भिंतीला टेकून उभी होती आणि आपले नशीब अजून तिला ठाऊक नव्हते.

आप्पांना सायकलवर बसवून वळशाच्या रस्त्याने नेले तर पाठ वाटेतच संपे आणि माझे पायही. टेकडीवरून नेले तर वेळ बसत होती. म्हणून टेकडीच ठरली. सरावासाठी मात्र आम्ही प्रथम डांबरी रस्त्यावर गेलो. आप्पा मागे कॅरियरवर, मांडीवर पिशवी, आणि पाठ सुरू. अशातच मागून एस.टी. आली. एका स्वरिताला आप्पांचा हात उजवीकडे गेला आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. पुढल्या उदात्ताला हात वर गेला, तेव्हा त्याने गाडी पुरती थांबवली. मग हात खाली आला, म्हणून त्याने गाडी सोडली, तो पुन्हा हात उजवीकडे. कंडक्टर दारात लोंबकळून ओरडला, "ओ महाराज! वळून राह्यले, थांबून राह्यले, का आशीर्वाद देऊन राह्यले? काय ते एक सांगा नं बाप्पा!" आप्पांना बोलणे वर्ज्य होते. त्यांनी त्याच्याकडे अत्यंत प्रसन्न मुद्रेने पाहिले. कंडक्टरने हात जोडले, आणि ती गाडी आमच्या मागोमाग गावापर्यंत बैलगाडीच्या चालीने आली.

खरी अडचण निराळीच होती. प्रत्येक खड्ड्याला स्वर मोडत होता. उदात्त हिसक्यासरशी तुटे, अनुदात्त दात आपटून बाहेर पडे, आणि साध्या अक्षरालाही कंप सुटे. आईने आमच्या गल्लीत परीक्षा घेतली. ती वैदिकाची मुलगी. तिला कोणी शिकवले नव्हते, पण कानाने सारे येत होते. ती ओट्यावर सरकी काढीत बसे, आम्ही गल्लीत फेऱ्या घालू, आणि स्वर मोडला की ती एक सरकी वाटीत टाकी. पहिल्या दिवशी वाटी शिगोशीग भरली. ती वाटी आप्पांच्या पुढे ठेवून ती म्हणाली, "म्हशीला एवढी पुरेल."

उपाय म्हणून साहजिकच प्रथम उशी आली. घरात तोटा नव्हता. पण आईच्या उशा इतक्या ठासून भरलेल्या असत, की कॅरियरवर उशी आणि उशीवर आप्पा हा मनोरा पिंपळाच्या वळणावर सरकला आणि आप्पा उशीसकट नालीच्या काठावर जाऊन बसले. लागले काही नाही. उशी चांगली होती.

तेव्हा आम्ही नत्थूभाऊंकडे गेलो. बाजाराच्या तोंडाशी त्यांचे सायकलचे दुकान होते, आणि जगातील कोणत्याही गोष्टीबद्दल "मले माहीत नाई" हे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. त्यांनी सायकल उलटी करून चाक फिरवले, कान लावला आणि म्हणाले, "गोष्ट चिमट्याची आहे." सायकलच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा जो लोखंडी दोपायी भाग, त्याला आमच्याकडे चिमटा म्हणत; मैत्रेयीचा फोर्क तो हाच. "चिमटा कडक, म्हनून झटका वर चढते. चिमटा मऊ करा, सायकल मऊ. सायकल मऊ, तं मानूस मऊ. मानूस मऊ, तं तुमचा तो सूर का काय, तो बी मऊ."

आप्पांना ही उपपत्ती फार आवडली. ते म्हणाले, "शास्त्रालाही हे संमत आहे. अग्रपूजा प्रथम. जे पुढे, त्याचा संस्कार मागच्यावर आपोआप होतो. गाडीचे बैल शांत असले की गाडी शांत." नत्थूभाऊ म्हणाले, "हाव नं महाराज, तुमी अन् मी एकच बोलून राह्यलो." आज पंचेचाळीसएक वर्षांनी हे लिहिताना मी चष्मा पुसतो आणि स्वतःलाच विचारतो, की एक वेदमूर्ती, एक मिस्त्री आणि एक मी, अशा तिघांपैकी एकालाही त्या दुकानात असे कसे सुचले नाही, की स्प्रिंग बसवणार पुढे आणि आप्पा बसणार मागे? पण सुचले नाही खरे. सिद्धान्त सुंदर असला की माणूस त्याच्या पलीकडे पाहायला धजत नाही.

पहिल्यांदा त्यांनी दूधवाल्यांच्या सायकलला असतो तसा डबल चिमटा बसवला. तो इतका भक्कम निघाला की दगडच हादरले असतील. वाटी पुन्हा भरली. मग नत्थूभाऊंनी भंगारातून एका मोपेडचा शॉकअपवाला चिमटा शोधून आणला. ती मोपेड तिच्या मालकासकट विहिरीत पडली होती. मालक त्याच संध्याकाळी वर आला, मोपेड मात्र उन्हाळ्यात पाणी आटल्यावर. त्या चिमट्यातल्या स्प्रिंगा गंजून गेल्या होत्या, म्हणून जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढण्याच्या, बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातल्या स्प्रिंगा त्यात आल्या. त्या बिचाऱ्या कापसाच्या यंत्रात जन्म काढून रिकाम्या झालेल्या. त्यांना उसळी मारण्याची इतकी हौस, की एकदा दबल्या की सायकल घोड्यासारखी पुढचे पाय उचले. नत्थूभाऊ म्हणाले, "याच्या आंगात भरती पाहिजे." मी घरून कापूस आणला. एरंडेलात भिजवून तो आम्ही दोन्ही नळ्यांत ठासून भरला, आणि खरोखरच उसळी निम्मी झाली. आप्पांनी वाकून पाहिले. नळीच्या तोंडाशी तेलकट कापसाचे टोक बाहेर आले होते. ते म्हणाले, "नत्थू, ही तर समई झाली." नत्थूभाऊ म्हणाले, "फक्त पेटवू नोका."

टायरांचा विचार याहून सूक्ष्म झाला. आमचे जुने टायर झिजून शाळिग्रामासारखे गुळगुळीत झालेले होते. मुरमावर ते घसरत आणि सागाच्या वाळल्या पानांवर तर पापडाच्या ढिगावर पाय पडावा तसे. नत्थूभाऊंनी नागपूरहून गाठीगाठींचे टायर मागवले. ते चिखलरक्षकात मावेनात, म्हणून चिखलरक्षक काढले. डांबरावर ते टायर घूं असा एकसारखा आवाज काढीत, आणि इथे आप्पांनी प्रथमच यंत्रविद्येला मनापासून दाद दिली. ते म्हणाले, "षड्ज धरतो हा." हवा किती भरावी यावर दोन दिवस वाद झाला. नत्थूभाऊंच्या मते टायर वाजवल्यावर नारळासारखा बोलला पाहिजे, आणि आईच्या मते मुरलेल्या कणकेसारखा दबला पाहिजे. शेवटी कणीक जिंकली, कारण त्या संध्याकाळी वाटीचा केवळ तळ झाकला गेला. वास्तविक ते यश मऊ टायरांचे होते. श्रेय मात्र चिमट्याला मिळाले, आणि आप्पांनी त्याला गंध लावले.

लग्नाच्या दिवशी आम्ही दुपार कलण्याआधीच निघालो. आईने सातूचे पीठ, गूळ आणि पन्ह्याची बाटली बांधून दिली. चिमट्याला फूल वाहिले. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "विसू, त्यांना वेळेत ने. आणि मोडला स्वर तर मोडला, तू थांबू नको." मी म्हणालो, "मी नाही थांबलो तरी ते उतरतात." हे तिलाही ठाऊक होते.

चढ उत्तम पार पडला. आप्पा कॅरियरवर, मी सायकल ढकलत, चाल मुंगीची, आणि पाठ तुपासारखा. खिंडीत आम्ही सातू खाल्ले. खाली किसनरावांच्या मांडवाचे आंब्याचे टहाळे दिसत होते आणि वाजंत्री अंधुक ऐकू येत होती. माझ्या मनात आले, जिंकलो. आणि उतार लागला.

पहिल्याच दगडाला पुढचे चाक लोण्यात बुडाल्यासारखे खाली गेले आणि अलगद वर आले. माझ्या तळहातांना काही कळलेसुद्धा नाही. तोच मागचे चाक त्याच दगडावर चढले आणि आप्पांचा उदात्त उचकीत निघाला. "थांब," असे ते बोलले नाहीत. त्यांनी माझ्या पाठीवर बोट टेकले. उतरले, पूर्वेला तोंड केले, अनुवाक आरंभापासून धरला, पुन्हा बसले. पुढच्या वळणावर पुन्हा दगड, पुन्हा बोट. अशा रीतीने आम्ही एकच अनुवाक इतक्या वेळा आरंभला की झाडावरच्या वानरांनाही तो पाठ झाला असावा. ऊन पिवळे पडू लागले. खाली वाजंत्रीने चाल बदलली. नवरदेव घोडीवर बसला म्हणजे ती चाल वाजते. आणि मग वळशाच्या रस्त्याच्या बाजूने फटफटीचा आवाज आला. आधी बारीक, मग गावात शिरतानाचा ऐटबाज. मी मागे वळून पाहिले. आप्पांचे डोळे मिटलेले होते. ओठ चालू होते, पण कपाळावर घाम होता, आणि तो गुडघ्याचा नव्हता.

त्यांचे बोट पाठीवर टेकण्याआधी जितके अंतर कापता येईल तितके कापावे म्हणून मी सायकल उतारावर मोकळी सोडली. ओघळीच्या काठावर मागचे चाक उडाले, 'खटाक्' असा आवाज झाला, आणि सायकल एकाएकी हलकी झाली. कॅरियर तुटला होता. आप्पा मागे सागाच्या पानांच्या ढिगात सरळ बसले होते, पिशवी मांडीवर, आणि उजवा हात पडण्यापूर्वी जिथे होता तिथेच, वर. त्यांनी तो उदात्त पुरा केला, मगच हात खाली घेतला. हा स्वर मात्र मोडला नव्हता.

आम्ही दोघांनी तुटलेल्या कॅरियरकडे पाहिले, मग सायकलकडे पाहिले. बसायला एकच जागा उरली होती: माझ्यापुढची दांडी. तिच्यावर लहान मुले बसतात. फार तर लग्नानंतर पहिल्यांदा बाजाराला निघालेली नवी नवरी बसते. मी म्हणालो, "आप्पा, तुम्ही इथे थांबा, मी खाली जाऊन बैलगाडी..." त्यांनी पंचाची घडी केली, ती दांडीवर ठेवली, पिशवी माझ्या गळ्यात अडकवली आणि एका बाजूला पाय सोडून बसले. अनुवाक आरंभला.

आता पुढे जे झाले ते ज्याने अनुभवले त्यालाच कळेल. आप्पांचे सारे वजन पुढच्या चिमट्यावर आले, आणि त्या जिनिंगच्या स्प्रिंगांना आपल्या जन्माचे सार्थक सापडले. दगड आले, स्प्रिंगांनी गिळले. ओघळी आल्या, एरंडेलातल्या कापसाने शोषल्या. आप्पांचा स्वर देवळातल्या समईच्या ज्योतीसारखा निश्चल! मी आनंदाने ओरडणारच होतो, तेवढ्यात माझ्या ध्यानात आले की मला वाट दिसत नाही. दर उदात्ताला त्यांचा हात माझ्या डोळ्यांपुढे येत होता. अनुदात्ताला हात खाली जाई, तेव्हा घटकाभर वाट दिसे आणि त्याच वेळी कोपर ब्रेकवर टेके. स्वरिताला हात बाजूला जाई आणि मला डावीकडची दरी तेवढी दिसे. शेंडी नाकात. अशा स्थितीत उतार उतरायचा म्हणजे पुढचा स्वर कोणता हे आधीच ठाऊक असणे आवश्यक होते. इतकी वर्षे जे मला ओट्यावर, चटईवर, पहाटे आणि प्रेमाने सांगून आले नव्हते, ते त्या उतारावर एका दमात यायला लागले. आता वर, डोळे मिट, सरळ धर. आता खाली, पाहून घे, दगड उजवीकडे. आता बाजूला, दरीपासून दूर. भीतीने माझ्या तोंडून पाठ आपोआप निघू लागला, आधी पुटपुटत, मग मोठ्याने. त्यांचा हात आणि माझे हँडल एकाच स्वरात फिरत होते.

गावाच्या वेशीशी मी एवढेच कसेबसे म्हणालो, "आप्पा, इथे उतरू या. लोक पाहतील." शेवटचा अनुवाक चालू होता, आणि उतरून चालायला गुडघा आणि वेळ दोन्ही नव्हते. आम्ही तसेच आत शिरलो. आंब्याच्या टहाळ्यांखालून, दांडीवर आडवे बसलेले धिप्पाड आप्पा, हवेत फिरणारा हात, चिमट्यातून ठिबकणारे एरंडेल आणि गळ्यात पिशवी अडकवून घामाघूम झालेला, मोठ्याने रुद्र म्हणणारा मी. वाजंत्री थांबली. सारा मांडव माना वळवून पाहू लागला, आणि आप्पांनी शेवटचे अक्षर अगदी सावकाश पूर्ण केले. मग वराकडची एक म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, "अवं माय! नवरी तं आत आहे म्हने, मंग ही दुसरी कोन आली?"

मांडव हसून हसून कोसळायचाच बाकी राहिला. मी जमिनीत जागा शोधत होतो. आप्पा उतरले, पंचा झटकून खांद्यावर घेतला, आणि म्हातारीला नमस्कार करून म्हणाले, "मातोश्री, आम्हाला नेहमी अग्रासन देतात. आज तेवढेच रिकामे होते." मग किसनरावांकडे वळले. "गोरज?"

फटफटीवाले महाराज चष्मा काढून उभे होते. हातात कॅसेट होती. त्यांनी घड्याळ पाहिले, पश्चिमेकडे पाहिले, आणि खरे तेच सांगितले: "अजून आहे. बसा महाराज." किसनरावांनी तोंड फिरवून उपरण्याने डोळे पुसले. त्या दिवशी मंगलाष्टके आप्पांनी म्हटली. जेवताना फटफटीवाले महाराज शेजारच्या पानावर बसले होते, आणि वांग्याच्या भाजीवर वाकून हळूच म्हणाले, "आप्पाजी, तो शॉकअप कुठून केला? फटफटीवर माझी कंबर राहत नाही हो." आप्पांनी त्यांना नत्थूभाऊंचा पत्ता दिला, आणि आईच्या वतीने एक उशी कबूल केली.

परतताना आम्ही किसनरावांच्या बैलगाडीत होतो, सायकल मागे बांधलेली. आप्पा पिशवीचे बंद पुन्हा पुन्हा सोडून बांधत होते. मला वाटले, हसे झाल्याचे लागले असेल. टेकडी मागे पडू लागली तेव्हा ते समोर पाहतच म्हणाले, "शेवटच्या उतारावर तू म्हणत होतास."

"हो. चुकले का?"

"नाही." मग थोडे थांबून, "एकही स्वर हलला नाही." आणि आणखी थोड्या वेळाने, कौतुक फार झाले असे वाटून असेल, "शॉकअप चांगला आहे."

त्यानंतर 'असो' हा शब्द त्यांनी माझ्यासमोर उच्चारला नाही. त्यांचा गुडघा बरा होईपर्यंत आणि नंतरही, आम्ही पलीकडच्या गावांना तसेच जात राहिलो. ते पुढे, मी मागे. विद्येसाठी शिष्य गुरूच्या पुढ्यात बसतो असे सगळीकडे लिहिलेले आहे. मी त्यांच्या मागे, पायडल मारीत शिकलो. आजही रुद्र म्हणताना एका ठिकाणी माझा डावा हात नकळत ब्रेक शोधतो, आणि माझे शिष्य तो संप्रदायाचाच भाग समजून मनोभावे डावी मूठ वळतात. मी त्यांना अडवत नाही.

मैत्रेयीला मी शेवटी एवढेच कळवले, की चिमटा मऊ घे, टायर गाठींचे घे, हवा पणजीच्या कणकेइतकी ठेव, आणि ज्याला जपायचे त्याला दांडीवर बसव. तिचे उत्तर आले: "आजोबा, या सायकलींना बसण्यासारखी दांडीच नसते." हे वाचून मला तिच्या पिढीची थोडी काळजी वाटली.

वाचकहो, तो गजानन तुमच्या घराच्या वाटेवरचे दगड दूर करो, आणि जे दूर होणार नाहीत ते सोसायला तुमच्या चाकांना स्प्रिंग देवो. तुमच्या घरच्या लेकींची लग्ने ठरल्या गोरजावर लागोत. तुमच्या शेतातला कापूस पांढरा, भरघोस आणि मोलाचा होवो. तुमच्या घरातल्या थोरांचा हात सदैव वर राहो, आणि त्या हातामागून वाट पाहण्याची बुद्धी तुमच्या लेकराबाळांना होवो. इति शिवम्.